काझुए-सानच्या वाटची वाइन

१

जेवणाचे डबे घेऊन आम्ही बोटीवर परत आलो, तेव्हा बाटली जागच्या जागी उभी होती. फक्त तिच्यात वाइन नव्हती. शेजारचा भरलेला पेला रिकामा. बशीतला पाव, चीज, ऑलिव्ह, सगळं साफ. टेबलाच्या मधोमध काझुए-सानचा फोटो तेवढा हसत होता.

मोरिवाकी-साननी बाटली उचलून उन्हात धरली, खाली ठेवली आणि "दाइजोबु" म्हणाले. म्हणजे काही हरकत नाही. मग आमच्याकडे पाठ करून बोटीच्या टोकाला जाऊन बसले आणि आधीच नीट गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळायला लागले. मला आमच्या पुण्यातला आरडाओरडा परवडतो. माणूस ओरडतो, चहा पितो, विषय संपतो. हे "दाइजोबु" फार वाईट.

मोरिवाकी-सान म्हणजे माझ्या नवऱ्याचे, अनुरागचे, ऑफिसातले साहेब. साहेब म्हणण्यापुरतेच. आम्हाला टोकियोतल्या फुनाबोरीत कोणी घर देईना, तेव्हा हा माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन घरमालकाशी बोलला होता. आता आम्ही इथे कायमचं राहण्याचा अर्ज करणार होतो आणि त्यासाठी तेच हमीदार राहणार होते. इथे कोणी सहजासहजी कोणाची हमी घेत नाही. घेतो म्हणजे तो तुम्हाला आपलं माणूस मानतो.

आणि ती बाटली साधी नव्हती. त्यांच्या पत्नी काझुए-सान आजारी पडायच्या आधी दोघं नवराबायको स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला फिरून आले होते. दिवसा शिडाच्या बोटीतून समुद्र, संध्याकाळी वाइन आणि लांबलचक जेवणं. परत येताना काझुए-साननी एक लाल वाइन आणली आणि सांगितलं की ही आपण आपल्या बोटीवर उघडायची. ते व्हायच्या आत त्या गेल्या. मोरिवाकी-सानना एकट्याने ती उघडवेना. या वर्षी हिगानच्या सुट्टीत, म्हणजे इथले लोक आपल्या गेलेल्यांची आठवण काढतात त्या दिवसांत, त्यांनी आम्हाला ओकायामाजवळ उशिमादोला बोलावलं. त्यांची बोट तिथे असते. निळा शांत समुद्र, छोटी बेटं, टेकडीवर ऑलिव्हची झाडं. जपानी लोक कौतुकाने त्याला आपला भूमध्य समुद्र म्हणतात, आणि खोटं नाही ते.

आता एवढं सगळं ज्या बाटलीत भरलं होतं, ती रिकामी. मी आपलं काहीतरी करायचं म्हणून फडकं घेऊन टेबल पुसायला गेले. रिकाम्या बशीभोवती लाकडावर एक पांढुरकी गोल कड उमटली होती, ती पुसणार तोच सुलेखाताईंनी माझा हात धरला.

"राहू दे, अनघा. ते आत्ता पुसू नकोस."

२

सुलेखाताई आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत तपासनीस आहेत. लोक काय सांगतात आणि खरं काय घडलं, यातली फट शोधायची हेच त्यांचं काम. त्यांचे यजमान जयप्रकाशराव निवृत्त आहेत, खाण्याचे शौकीन आहेत आणि गणपतीत मोरिवाकी-सानना मोदक खाऊ घालून त्यांनी दोस्ती जमवली आहे. पाचवा अंबरीष, अनुरागच्या टीममधला. हा वाइनमधला तज्ज्ञ. कसला तरी कोर्स केलाय. पेला हातात घेऊन तो असा गोल फिरवतो की मला गरगरतं.

आदल्या संध्याकाळी बंदराजवळच्या छोट्या रेस्तराँमध्ये मोरिवाकी-साननी आम्हाला व्हॅलेन्सियासारखं जेवू घातलं. पसरट कढईतला केशराचा भात, त्यात इथल्या समुद्रातलं ऑक्टोपस, वर लिंबू. मी दोनदा वाढून घेतला. जयप्रकाशरावांनी किती वेळा, ते सांगत नाही. अंबरीषने सगळ्यांसाठी वाइन निवडली, तिच्यावर भाषण दिलं, आणि स्वतः मात्र पाणी प्यायला. पोट बरं नाही म्हणाला. ऑक्टोपसचे तुकडेही त्याने ताटाच्या कडेला सारले, आणि नुसता भात खाल्ला. जयप्रकाशराव म्हणाले की अरे, आता पक्ष चालू आहे, उद्या सर्वपित्री, म्हणून पाळतोस की काय. तर अंबरीष हसला. हे सगळं थोतांड आहे काका, म्हणाला.

अनुरागने त्याच जेवणात एक मूर्खपणा केला. उद्या ती बाटली उघडली की पहिला घोट माझा, असं मोरिवाकी-सानना जपानीत सांगून बसला. ते हसलेही. पण बोललेलं राहतंच ना.

सकाळी आम्ही समुद्रात गेलो. वारा असा हलका की शीड हळूच फुगायचं आणि बोट आवाज न करता सरकायची. निघतानाचा फोटो मीच काढला. अनुराग सुकाणूजवळ टोपी सांभाळतोय, जयप्रकाशराव आताच पिवळे पडलेत, आणि अंबरीष मासिकातल्या मॉडेलसारखा उभा, निळा स्वेटर डाव्या खांद्यावरून सोडून उजव्या काखेखाली बाह्यांची गाठ. मी त्यावरून त्याला पुष्कळ चिडवलं.

दुपारी बोट धक्क्याला लागली. मोरिवाकी-साननी डेकवरच्या टेबलावर फोटो ठेवला, बाटली उघडली, एक पेला भरला, बशीत पाव-चीज-ऑलिव्ह मांडलं आणि हात जोडले. "आधी तिला," एवढंच म्हणाले. "ही काझुएची वाइन." बर्फाच्या पेटीत आमच्यासाठी पांढऱ्या वाइनची बाटली वेगळी होतीच. मग आम्ही रेस्तराँमधून जेवण आणायला निघालो. जयप्रकाशराव गोळी घेऊन खाली केबिनमध्ये झोपले होते. अंबरीषला फोन आला, म्हणून तो धक्क्यावर थांबला. अर्ध्या वाटेत मोरिवाकी-सानना चष्मा विसरल्याचं लक्षात आलं. धक्क्याच्या फाटकाला कार्ड लागतं. ते त्यांनी अनुरागला देऊन परत पाठवलं.

म्हणजे आमच्या मागे फाटकाच्या आत तिघंच होते. एक झोपलेला, एक फोनवर बोलत उभा, आणि एक ज्याने पहिला घोट माझा असं सांगून ठेवलं होतं. चष्मा घेऊन अनुराग धावत आला तेव्हा त्याचं तोंड उन्हाने लालबुंद झालं होतं आणि तो धापा टाकत होता. मोरिवाकी-साननी त्याच्याकडे तेव्हा पाहिलं नाही. आता, रिकामी बाटली खाली ठेवताना मात्र पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. ती नजर मी पाहिली. अनुरागनेही पाहिली.

३

कोणी कोणाला काही विचारलं नाही हेच भयंकर होतं. आम्ही तिथेच जेवलो. मोरिवाकी-साननी सगळ्यांना वाढलं. अनुरागला वाढताना त्यांचा हात अडखळला नाही, पण त्याला नेहमी आपुलकीने "अनुराग-कुन" म्हणतात, ते आज "अनुराग-सान" म्हणाले. ऑफिसात पाहुण्याला म्हणतात तसं. अनुरागने हातातला घास परत डब्यात ठेवला.  माझं डोकं तापलं होतं. मी सरळ उठून विचारणार होते की तुम्हाला माझा नवरा चोर वाटतो का, पण सुलेखाताईंनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

जेवण झाल्यावर त्यांनी एकेकाला गाठलं. मी त्यांच्या मागेमागे होतेच.

अनुराग म्हणाला की तो गेला तेव्हा पेला भरलेला होता, बाटलीही भरलेली होती. वास घ्यायला वाकलो होतो, हेसुद्धा सांगून टाकलं. मी कपाळावर हात मारला. खाली काका घोरत होते, अंबरीष धक्क्याच्या टोकाशी होता, आणि मी चष्मा घेऊन निघालो, बस. मग तो म्हणाला की ताई, ते मला विचारतही नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

जयप्रकाशरावांनी आधी बायकोकडून संशय घेतल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. पाव खाल्ला असता तर चीज का सोडलं असतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग चीजही गेलंय हे आठवून त्यांनी तो मागे घेतला. झोपेत काय ऐकू आलं, तर एक कावळा. अगदी डोक्यावर ओरडत होता. आणि कोणीतरी हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होतं, ते अंबरीषचं फोनवरचं बोलणं असावं.

अंबरीष धक्क्यावर उभा होता, उजव्या खांद्यावरून आलेल्या स्वेटरच्या गाठीशी चाळा करत. क्लायंटचा फोन होता, म्हणाला. बोटीवर मी पायही ठेवला नाही. सुलेखाताईंनी मान डोलावली आणि एवढंच विचारलं की रविवारी कुठला क्लायंट रे. अमेरिकेतला, असं तो म्हणाला. तिथे शनिवारची रात्र आहे, हे सुलेखाताई बोलल्या नाहीत. मला नंतर सांगितलं.

मग त्या बोटीच्या टोकाला मोरिवाकी-सानजवळ जाऊन बसल्या. त्यांना वाटलं आता ताई अनुरागची बाजू मांडणार. पण ताईंनी भलतंच विचारलं. म्हणाल्या, "तुम्ही काझुए-सानसमोर जो पेला ठेवला होता, त्याचं नंतर काय करणार होता?"

मोरिवाकी-सानना प्रश्नच कळला नाही. मग ते म्हणाले की प्यायलो असतो. आधी तिने घ्यायचं, मग आम्ही सगळ्यांनी. बाटलीही सगळ्यांसाठीच होती. गेलेल्या माणसापुढे ठेवलेलं घरच्यांनी वाटून खायचं, त्याला आम्ही ओसागारी म्हणतो. ते टाकायचं नसतं.

सुलेखाताई उठल्या. त्यांचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. सापडलं म्हणून आनंद नव्हता त्यावर, उलट वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं.

४

"अनघा, ती वाइन कोणी प्यायलीच नाही," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं की म्हणजे काय, हवेत उडाली? तेव्हा त्यांनी मला एकेक करून दाखवलं. आख्खी बाटली आणि पेला इतक्या थोड्या वेळात रिचवून कोणी सरळ उभं राहत नाही. तिघांपैकी एकाच्याही तोंडाला वास नाही. ऑलिव्ह खाल्ले असते तर बिया कुठे आहेत? बोटीवरच्या कचऱ्याच्या पिशव्या त्यांनी उघडून पाहिल्या होत्या. ओला कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, आणि बी एकही नाही. पावाचा कणही नाही. म्हणजे ते खाल्लं गेलं नाही, कुठेतरी सोडलं गेलं. समुद्र हाताच्या अंतरावर होता.

मग ती टेबलावरची पांढरी कड. मला ती बशीचा डाग वाटली होती, पण ती बशीपेक्षा बरीच मोठी होती आणि बशीच्या चहूबाजूंनी फिरलेली होती. ताईंनी बोट लावून चाखायला सांगितलं. खारट. समुद्राचं पाणी उन्हात वाळून मीठ राहिलं होतं.

"नैवेद्याच्या पानाभोवती आपण काय करतो?"

 पाणी फिरवतो. आमच्या घरी आई रोज फिरवायची. टेबलावर गोड्या पाण्याची बाटली नव्हती, म्हणून कोणीतरी हात समुद्रात बुडवून पाणी फिरवलं होतं.

देवाचा नैवेद्य परत येतो, आपण तो प्रसाद म्हणून खातो, ताई म्हणाल्या. पितरांच्या पानाचं तसं नाही. ते कावळ्याला जातं, गाईला जातं, पाण्यात सोडलं जातं. घरचं माणूस ते खात नाही. कोणीतरी फोटोसमोर मांडलेली बशी पाहिली, आज सर्वपित्री आहे हे त्याला माहीत होतं, आणि त्याला वाटलं की मोरिवाकी-सानना पुढचं ठाऊक नाही. आपण ते पूर्ण करू या. त्यांनी काझुएची वाइन म्हटलं होतं, म्हणून सगळी बाटली त्याने त्यांच्या वाटची धरली. आपल्यासाठी पेटीत दुसरी होतीच. ही चूक जपानी माणूस करणार नाही, आणि चोर तर नाहीच नाही.

"पण मग कोण?" मी विचारलं. अनुरागला अमावास्या आणि पौर्णिमा यातला फरक सांगावा लागतो. जयप्रकाशरावांनी हे केलं असतं तर गावभर सांगितलं असतं.

सुलेखाताईंनी माझा फोन मागितला, सकाळचा फोटो काढून माझ्यासमोर धरला आणि धक्क्याकडे बोट दाखवलं. फोटोत अंबरीषचा स्वेटर डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली होता. आता तो उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली होता, आणि गाठ मारलेला स्वेटर आपोआप बाजू बदलत नाही. पितरांचं करताना जानवं असंच उलटं घेतात. जानवं नसलं तर उपरणं. आणि उपरणं नसलं तर माणूस जे खांद्यावर असेल ते घेतो. आमची चाहूल लागली असणार, म्हणून सरळ करायचं राहून गेलं.

५

अंबरीषशी ताईच बोलल्या. मी रागावलेली होते, मला बोलूच दिलं नाही. त्यांनी ना बाटलीचं नाव काढलं ना स्वेटरचं. त्याची आई गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून एवढंच विचारलं की अंबरीष, तुझ्या आईचं कोणी केलं?

तो पाण्याकडे वळला. मग म्हणाला की मावसभावाने. मला विमान मिळालं नाही. मी टोकियोजवळ इचिकावाच्या माझ्या खोलीत बसून फोनवर पाहिलं सगळं. दहाव्याला कावळा शिवेना. गुरुजी थांबले, सगळे थांबले, आणि मामी सगळ्यांसमोर म्हणाली, हिचा जीव लेकात अडकलाय. त्या दिवसापासून मी हे सगळं थोतांड आहे म्हणायला लागलो. दुसरं काय करणार होतो, ताई?

आणि आज? आज त्या फोटोपुढचं पान बघितलं, आणि जवळच्या खांबावर कावळा येऊन बसला होता. पाव पुढे केला तर तो लगेच आला. त्याने सांगितलं की काझुए-सानचं नाव घेतलं, आणि मग हळूच आईचंही घेतलं. वाइन दोघींच्या नावाने सोडली. पुण्य केल्यासारखं वाटत होतं. तुम्ही लोक आलात आणि मोरिवाकी-साननी बाटली उन्हात धरली, तेव्हा कळलं मी काय करून बसलोय.

मग मात्र मी बोलले. म्हटलं, तुझ्या आईबद्दल मला वाईट वाटतं अंबरीष, मनापासून वाटतं. पण माझा नवरा त्या टेबलावर चोरासारखा जेवत होता आणि तू त्याला मीठ पुढे केलंस. त्याने मान खाली घातली. हो, म्हणाला. तेच सगळ्यात वाईट केलं. आणि कोणी सांगायच्या आत तो चालत बोटीवर गेला.

मोरिवाकी-साननी सगळं ऐकून घेतलं. अंबरीषचं जपानी मोडकं, मध्येमध्ये अनुरागने शब्द पुरवले. ज्याच्यावर आळ आला त्यानेच दुभाष्याचं काम केलं, हे मी आयुष्यभर विसरणार नाही. कावळ्याचं आलं, दहाव्याचं आलं, मामीचं आलं. सांगून झाल्यावर अंबरीष वाकला तो वर येईचना.

मोरिवाकी-सान त्याच्याकडे न वळता आधी अनुरागकडे वळले. म्हणाले, "मी तुला विचारलं नाही. तू हो म्हणशील याची मला भीती वाटली."

"विचारायला हवं होतं तुम्ही," अनुराग म्हणाला. आवाज चढवला नाही, पण नजरही खाली घेतली नाही.

"हो. हवं होतं." आणि तो साठीचा माणूस, माझ्या नवऱ्याचा साहेब, त्याच्यासमोर कमरेतून वाकला आणि वाकलेलाच राहिला. शेवटी अनुरागनेच त्यांचे खांदे धरून त्यांना सरळ केलं. हमीचं काय, हे विचारायची मला गरजच उरली नाही. "अनुराग-कुन," ते म्हणाले, "सुट्टी संपली की अर्ज द्यायला आपण दोघं बरोबरच जाऊ."

मग ते अंबरीषजवळ गेले. आता तरी ओरडतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. पण त्यांनी हळू आवाजात विचारलं की तुझ्या आईचं नाव काय.

"प्रभावती."

त्यांना ते धड म्हणता येईना. दोनतीनदा प्रयत्न करून त्यांनी ते जमवलं, पुढे मानाचं सान लावलं आणि रेलिंगला टेकून समुद्राकडे पाहत म्हणाले, "बरं झालं. काझुएला एकटीने प्यायला कधीच आवडायचं नाही."

प्रभावतीबाईंनी जन्मात वाइनचा थेंबही घेतला नसणार. पण हे आम्ही कोणीच त्यांना सांगितलं नाही.